दोनशे घोडे, दिवसाआड पाणी

पिंपळे सौदागरात इंजिनिअर नसलेल्या माणसाला टिकून राहायचं असेल तर दोन कला अंगी हव्यात. एक, मोबाइलचा टॉर्च हात न हलवता धरणं. दुसरी, समोरचा बोलत असताना ठरावीक अंतराने ‘हं, बरोबर आहे’ म्हणणं. मी बँकेतला माणूस. इथे फ्लॅट घेतल्यापासून या दोन कलांवरच तग धरून आहे. आमच्या बिल्डिंगीत पहिल्या मजल्यावर गिअरबॉक्स राहतो, दुसऱ्यावर पेंटशॉप, तिसरा-चौथा मजला हिंजवडीचा, आणि सगळ्यात वर निवृत्त क्वालिटी. लिफ्टमध्ये नवा माणूस भेटला की तो नाव विचारत नाही, ‘कुठल्या प्लँटला?’ असं विचारतो. ‘बँकेत’ म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो तो माझ्या चांगला ओळखीचा आहे. पगाराची स्लिप न आणता गृहकर्ज मागायला आलेल्याकडे मी स्वतः तसाच बघत आलोय.

या पट्ट्यात नीट चालणारी वस्तू कुणाला बघवत नाही. भोसरीपासून चाकणपर्यंत लाखभर माणसं दिवसभर दुसऱ्याच्या ड्रॉइंगप्रमाणे पार्ट बनवतात, रेघेच्या बाहेर केसभर जात नाहीत, आणि संध्याकाळी घरी आली की जे दिसेल त्यात सुधारणा करत सुटतात. आरओचं सांडपाणी फ्लशच्या टाकीत नेलेलं, दाराची बेल इन्व्हर्टरवर घेतलेली, बुलेटच्या सायलेन्सरचं तर विचारूच नका. गिअरबॉक्सकाकांनी वरच्या टाकीला असा फ्लोट बसवलाय की टाकी भरली की त्यांना फोन येतो. रात्री तीनला येतो. ते उठतात, फोन बंद करतात आणि झोपतात. टाकी वाहत राहते. पण फोन येतो, हे महत्त्वाचं.

माझा मेहुणा चाकणच्या एका टूलरूममध्ये आहे. मायक्रॉनखाली बोलत नाही. लग्नात आहेराची भांडी बघताना त्याने तांब्याच्या कडेची जाडी बोटाने चाचपून ‘व्हेरिएशन आहे’ असं म्हटलेलं मी ऐकलंय. मार्च २०१७ मध्ये मुंबईला मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींच्या शर्यती झाल्या. तीन दिवसांचा सोहळा, अठ्ठावीस फुटी बोटी, प्रत्येकीच्या पाठीला अडीचशे हॉर्सपॉवरची आउटबोर्ड मोटर. हा कठड्यावर बसून त्या बघून आला, आणि परत आला तेव्हा शरीरानेच आला. पुढची काही वर्षं आम्हाला वाटलं, ओसरलं असेल. मग एका रविवारी टेम्पो घेऊन तो आमच्या गेटवर उभा.

टेम्पोत ताडपत्रीखाली एक जुनी व्ही-६ टू-स्ट्रोक आउटबोर्ड होती. दोनशे हॉर्सपॉवर. मालवणकडच्या वॉटर स्पोर्ट्सवाल्याने काढून टाकलेली. वॉचमनने मोबाइलवरचं ॲप उघडलं. त्यात तीनच पर्याय: पाहुणे, डिलिव्हरी, सर्व्हिस. त्याने विचार करून ‘पाहुणे’ दाबलं. ॲपने विचारलं, किती? त्याने लिहिलं, एक.

“दोन दिवसांचा प्रश्न आहे, दाजी,” मेहुणा म्हणाला. “रहाटणीला आमच्याकडे स्टॅक पार्किंग आहे, तिथे नाही राहत ही. तुमची गाडी तेवढी रस्त्यावर लावा.”

मी गाडी रस्त्यावर लावली. ती अजून तिथेच आहे.

“आणि बोट?” मी विचारलं.

“बोट नंतर. आधी कूलिंग.”

आता कूलिंग म्हणजे काय ते मला त्याने पार्किंगमध्ये उभ्याने समजावलं, आणि मी टॉर्च धरून समजून घेतलं. मोटारगाडीत तेच ते पाणी रेडिएटरमधून फिरतं. आउटबोर्डला रेडिएटर नसतो. तिचा पाय पाण्यात असतो. त्या पायाला, प्रोपेलरच्या जरा वर, दोन्ही बाजूंना फटी असतात. त्यांतून बाहेरचं पाणी ओढायचं, सिलिंडरांभोवती फिरवायचं आणि परत बाहेर सोडून द्यायचं.

“म्हणजे एकदा वापरून फेकून द्यायचं?”

“हो.”

“सगळं?”

“दाजी, बोट पाण्यातच असते. पाण्यातलं पाणी पाण्यात गेलं.”

त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण मला ते पचेना. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी येतं. पवना धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात, निगडीला शुद्ध करतात, आणि ते आमच्यापर्यंत पोचेस्तोवर निम्मी सोसायटी टँकरवाल्याला फोन लावून मोकळी झालेली असते. आमच्याकडे तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला जातं आणि कुंडीतून झिरपलेलं पुसायला घेतात. अशा ठिकाणी मिनिटाला बादल्याच्या बादल्या पिऊन टाकणारा पाहुणा मी माझ्या पार्किंगच्या जागेत ठेवून घेतला होता. नदी तशी जवळच आहे. पण उन्हाळ्यात पवनेवर जलपर्णी अशी माजते की बगळे चालत पलीकडे जातात. तिथे बोट घालण्यापेक्षा ट्रॅक्टर घालणं सोपं.

ही पाणी ओढण्याची सगळी भिस्त एका रबरी चक्रावर असते. त्याला इम्पेलर म्हणतात. तळहातावर मावेल एवढा, मऊ पात्यांचा. पाती हाउसिंगच्या भिंतीला घासत, वाकत-सरळ होत पाणी वर ढकलतात. पाणी हेच त्याचं वंगण. पाण्याशिवाय फिरला की काही क्षणांत रबर जळायला लागतं. दोनशे घोड्यांचा जीव एवढ्याशा रबरावर टांगलेला आहे हे कळल्यावर मला इंजिनिअरिंगबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. बँकेतही आमचं सगळं एका रबरी शिक्क्यावरच चालायचं. आणि इंजिन चालू असताना मागून एक बारीक धार सतत बाहेर पडते. धार आहे तोवर सगळं ठीक. धार थांबली की मोटर बंद करायची आणि देवाचं नाव घ्यायचं.

मग यात सुधारणा कशाला? तर वेगासाठी. शर्यतीची बोट वेगात निघाली की जवळजवळ पाण्यावर तरंगत जाते. हा पाय, म्हणजे गिअरकेस, पाण्यात जितका खोल, तितका अडथळा जास्त. म्हणून ही मंडळी मोटर वर उचलून बसवतात. इतकी वर, की अर्धा प्रोपेलर हवेत. पण मग त्या बाजूच्या फटीही हवेत येतात आणि पंप पाण्याऐवजी फेस ओढायला लागतो. यावर उपाय असा की गिअरकेसच्या पुढच्या टोकाला एक टोकदार नाक बसवायचं, त्याच्या खालच्या अंगाला भोकं पाडायची, आणि जुन्या फटी बुजवून टाकायच्या. पाणी नाकाने प्यायचं.

हे ऐकून बिल्डिंगीतल्या निवृत्त क्वालिटीकाकांचे डोळे चमकले. निवृत्तीनंतर त्यांच्यापर्यंत एकही प्रॉब्लेम धड पोचला नव्हता. ते वही घेऊन खाली आले.

“फाइव्ह व्हाय करू. मोटर तापते. का?”

“पाणी कमी मिळतं,” मेहुणा म्हणाला.

“का?”

“फटी पाण्याबाहेर येतात.”

“का?”

“मोटर वर घेतली म्हणून.”

“का घेतली?”

“स्पीडसाठी.”

“स्पीड का हवा?”

मेहुणा गप्प. पार्किंग गप्प. माझी बायको भाजीची पिशवी घेऊन लिफ्टकडे चालली होती, ती न थांबता म्हणाली, “हौस.” काकांनी वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘रूट कॉज – हौस.’ पुढचा रकाना होता ‘उपाययोजना’. तो त्यांनी कोरा ठेवला. ती वही पुढे सोसायटीच्या कपाटात गेली आणि अजून तो मुद्दा उघडा आहे.

चौथ्या मजल्यावर आर अँड डीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना प्रत्येक गोष्टीचा उगम ठाऊक असतो. आउटबोर्डचा उगम त्यांनी लिफ्टचं दार पायाने अडवून सांगितला. ओले एव्हिनरूड नावाचा नॉर्वेहून अमेरिकेत गेलेला यंत्रकारागीर. उन्हाळ्यात तळ्याकाठी सहलीला गेला असताना त्याची प्रेयसी बेस म्हणाली, आइस्क्रीम हवं. गडी वल्हवत पलीकडे गेला, आइस्क्रीम घेतलं, वल्हवत परत आला. तोवर आइस्क्रीमचं दूध झालं होतं. मग त्याने वल्ह्याच्या जागी इंजिन लावायचं ठरवलं, आणि १९०९ मध्ये दीड हॉर्सपॉवरची मोटर विकायला काढली. अशी गोष्ट सांगतात. त्याच्या नावाच्या मोटरी पुढे शंभर वर्षांहून जास्त निघाल्या. २०२० मध्ये त्या बंद झाल्या.

“दीड हॉर्सपॉवर?” मेहुणा.

“दीड. आणि त्यात आइस्क्रीम वेळेत पोचत होतं,” ते म्हणाले, आणि लिफ्टचं दार सोडून दिलं.

मेहुण्याने नाकाचं ड्रॉइंग काढलं. सुंदर काढलं. तीन बाजूंनी दृश्य, टॉलरन्स, सरफेस फिनिश, कोपऱ्यात स्वतःची सही ‘डिझाइन्ड बाय’ म्हणून. वीस वर्षांत त्या रकान्यात पहिल्यांदा त्याचं नाव आलं होतं. एरवी तिथे जर्मन नाहीतर जपानी माणूस असतो. ते घेऊन आम्ही भोसरी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये गेलो. मालक व्हीएमसीच्या आवाजात डबा खात होते.

“ड्रॉइंग छान आहे,” ते म्हणाले. “क्वांटिटी?”

“एक.”

“एक हजार?”

“एक नग.”

“महिन्याला?”

“आयुष्याला.”

मालकांनी पोळीचा घास खाली ठेवला. जॉबवर्कवाल्याला एक नग सांगणं म्हणजे काय असतं हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. सेटअपला अर्धा दिवस, नगाला चाळीस मिनिटं, आणि मशीन तेवढा वेळ गिऱ्हाइकाच्या कामावरून खाली. ते नाही म्हणणार याची मला खात्री होती. मी निघायला वळलो देखील. पण त्यांनी कागद उलटा केला, पेन्सिल मागितली आणि म्हणाले, “हे आहे कशाचं?”

मेहुण्याने सांगितलं. आसपासचे दोन टर्नर मशीन सोडून आले. चहा आला. संध्याकाळी पार्ट तयार होता, पैसे घेतले नाहीत. ‘ट्रायलमध्ये दाखवतो’ म्हणाले. घरी येऊन मेहुण्याने व्हर्निअर लावला आणि त्याचा चेहरा उतरला. ड्रॉइंगमध्ये भोकं तीन होती. पार्टला चार होती. त्याने फोन लावला.

“हो, चौथं मीच टाकलं,” पलीकडून खुशीत उत्तर आलं. “तीन मनाला पटेनात. पाणी कमी नको पडायला.”

बाकी जगात कुणाच्या पार्टला एक भोक जास्त निघालं असतं तर या माणसाने लाइन थांबवली असती, लॉट अडवून ठेवला असता, सप्लायरला बोलावून उभं केलं असतं. स्वतःच्या डिझाइनला आलेलं हे भोक घेऊन तो रात्रभर माझ्या सोफ्यावर बसला होता. सकाळी म्हणाला, “तसं चारही चालतील, दाजी.” मी म्हटलं, हं, बरोबर आहे.

नाक गिअरकेसला जोडायचं तर ॲल्युमिनियमचं वेल्डिंग, म्हणजे आरगॉन. त्याआधी गिअरकेस पूर्ण उघडायची, कारण उष्णतेने आतले सील जातात. गिअरबॉक्सकाकांनी ती उघडली. आमच्या जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्र पसरून. उरलेला आठवडा आम्ही ताट मांडीवर घेऊन जेवलो, आणि कुणीही कॉटर पिनेला हात लावायचा नव्हता. वेल्डरकडे वेगळाच खेळ झाला. जुनं कास्टिंग, आयुष्यभर खाऱ्या पाण्यात राहिलेलं. तो टाका घालायचा आणि आतून बुडबुडे फुटून टाक्याची चाळण व्हायची. त्याने काच वर केली, घाम पुसला आणि म्हणाला, “साहेब, हिच्यात अजून समुद्र आहे.” शेवटी कास्टिंग तापवून, घासून, पुन्हा तापवून त्याने तो समुद्र काढला आणि नाक बसवलं. थोडं डावीकडे वळलंय. सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. मेहुणा सगळ्यांना सांगतो.

याच सुमारास सासरे आले. त्यांचं गाव खेड तालुक्यातलं. जमिनीत आता एक गोडाऊन आहे आणि त्यांचा जीव उरलेल्या दीड एकरात. मी त्यांना मामा म्हणतो, मेहुणा आबा. ते काठी टेकत पार्किंगमध्ये आले, मोटरीभोवती एक फेरी मारली.

“पाणी कुठून घेते?”

“खालून ओढते, आबा. बाहेरचंच पाणी.”

“आणि सोडते?”

“बाहेरच.”

“मग हे आपल्या विहिरीवर होतंच की,” ते म्हणाले.

आणि होतंच. विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं किर्लोस्कर डिझेल इंजिन. पंपाच्या पाइपातून एक बारीक नळी इंजिनाला दिलेली. विहिरीचं गार पाणी इंजिनाभोवती फिरून दुसऱ्या नळीने बाहेर पडायचं ते कढत. त्याखाली हिवाळ्यात अख्ख्या वस्तीच्या आंघोळी व्हायच्या. बायकोने पण केल्यात. धार दिसली की इंजिन ठीक, हा नियमही तोच. ज्यासाठी मेहुणा रात्री दोन-दोनपर्यंत परदेशी व्हिडिओ बघत होता ते आबांनी विहिरीच्या काठावर, लिंबाखाली, तंबाखू मळताना चालवलं होतं.

“ते पाच घोड्यांचं चार एकर ऊस भिजवायचं,” आबा म्हणाले. “हे किती एकर भिजवतं?”

“हे भिजवत नाही, आबा. हे पळतं.”

“पळून कुठं जातं?”

मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. मी टॉर्चची बॅटरी बघितली.

ट्रायल पाण्याच्या दिवशी ठरली, सकाळी पावणेनऊला. पार्किंगमधल्या नळाला पाइप लावून तो नव्या नाकाला जोडला. सेक्रेटरीसाहेब हजर होते. ते कुठल्याशा कारखान्याच्या पर्चेसमधून निवृत्त झालेत आणि आजवर एकाही गोष्टीला पहिल्या बोलीत हो म्हणालेले नाहीत.

“या पाण्याचं बजेट हेड कोणतं?” त्यांनी विचारलं.

“पाचच मिनिटं, साहेब.”

“गाडी धुवायला आपण बंदी घातलीय. आणि तुम्ही जहाज धुताय.”

मोटर चालू झाली. आतापर्यंत मी या प्रकरणाकडे कागदोपत्री बघत होतो. दोनशे घोडे बेसमेंटमध्ये एकदम खोकल्यावर काय होतं ते मी शब्दांत सांगू शकणार नाही, कारण पहिली काही मिनिटं मला ऐकूच येत नव्हतं. टू-स्ट्रोकचा निळा धूर रॅम्पवरून वर गेला. वरच्या मजल्यांवर डेंग्यूची फवारणी आली म्हणून खिडक्या धडाधड बंद झाल्या, आणि धुरामागे पळायची सवय असलेली पोरं खाली धावली. पण मागून बारीक धार सुरू झाली होती, आणि मेहुणा त्या धारेखाली हात धरून उभा होता. पहिला पगार झाला तेव्हाही तो एवढा खुश दिसला नव्हता.

तेवढ्यात नऊ वाजले. आमचा प्लंबर नऊला खालचा व्हॉल्व्ह बंद करून वरच्या टाकीचा उघडतो. भूकंप झाला तरी नऊला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं, कारण तो आवाज चालू असताना कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं. धार बारीक झाली, तुटली. मोटरीतून तापल्याचा भोंगा सुरू झाला: पीं, पीं, पीं. रॅम्पवर उभ्या वॉचमनला वाटलं गाडी रिव्हर्स येतेय. तो तत्परतेने दोन्ही हात हलवत ओरडला, “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या!” मेहुणा किल्लीवर झेपावला. रबर जळाल्याचा वास मात्र पोरांच्याही आधी पोचला होता.

इम्पेलर काढला तर त्याची दोन पाती गायब. आणि इथे खरी गंमत आहे. तुटलेलं पातं बाहेर पडत नाही, ते पाण्याबरोबर वर जातं आणि आतल्या एखाद्या अरुंद वाटेत बसून पुढच्या वेळी पाणी अडवतं. म्हणजे तुकडे शोधलेच पाहिजेत. एक सापडलं. दुसऱ्यासाठी पेंटशॉप, गिअरबॉक्स, हिंजवडीची दोन पोरं आणि मी, असे सगळे तारा, पक्कड, व्हॅक्यूम क्लीनर घेऊन त्या इंजिनात रविवार संध्याकाळपर्यंत डोकावत होतो. हिंजवडीच्या पोरांनी कान कोरायचा कॅमेरा आणला. त्यांच्याकडे तो का होता हे मी विचारलं नाही. पातं शेवटी थर्मोस्टॅटपाशी सापडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्लंबरही होता. त्याने सगळ्यात जोरात वाजवल्या.

दुसरी ट्रायल पाणी कमी पडण्याची नव्हती. उलट होती. मेहुण्याने हिशेब मांडला: बोट ताशी शंभर किलोमीटरने गेली तर पुढच्या टोकावर पाण्याचा दाब जवळजवळ चार बार येतो. नाकाने पाणी प्यायचं म्हणजे हा दाब सरळ आत. एवढ्याने गॅस्केट फुटू शकते. शिवाय इंजिन प्रमाणाबाहेर थंड राहिलं की सिलिंडर आक्रसलेला आणि पिस्टन मात्र तापून फुगलेला, मग तो जागीच अडकतो.

“म्हणजे पाणी कमी झालं तरी जाम, जास्त झालं तरी जाम?”

“हो, दाजी. म्हणून मध्ये रिलीफ व्हॉल्व्ह लागतो.”

हे मात्र मला लगेच समजलं. आमच्या लाइनवरही असंच आहे. तळमजल्याला नळ फुटेल एवढा दाब, वरच्या मजल्याला नुसती हवा, आणि मध्ये एक व्हॉल्व्ह, ज्याच्या मर्जीवर दोघांचं सुखदुःख. आयुष्यात पहिल्यांदा मी मेहुण्याला तांत्रिक सल्ला दिला. म्हटलं, प्लंबरला विचार. त्याने विचारलं. प्लंबर म्हणाला, “व्हॉल्व्ह बसवून काय उपयोग? तो उघडायला माणूस लागतो.”

दाब कुठून आणायचा यावर मेहुण्याची नजर अग्निशमनाच्या लाल पाइपाकडे गेली. सेक्रेटरी त्या पाइपासमोर हात पसरून उभे राहिले. मग वॉशिंग सेंटरवाल्या मित्राकडून पंप आला. दाब चारवर धरायचा असं ठरलं होतं. पंपाला ते ठरलेलं माहीत नव्हतं. मीटरचा काटा एकदम पलीकडे जाऊन आपटला, एक होज क्लिप बंदुकीसारखी सुटली, आणि पाण्याचा फवारा थेट नोटीस बोर्डावर. तिथे शाईने लिहिलेलं ‘पाणी जपून वापरा’ होतं, ते वरून खाली वाहून गेलं. सेक्रेटरींनी फक्त चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी नवी नोटीस लागली. मजकूर तोच, पण लॅमिनेट केलेला. पेंटशॉपने सुचवलं होतं.

त्यानंतर मोटर महिनोन् महिने स्टँडवर तशीच उभी. रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवर वाद चालू होता. तीन स्प्रिंगा तीन मजल्यांवरून आल्या, आणि कुठलीही एक लावली तर उरलेले दोन मजले दुखावणार होते. चौथ्या मजल्याचं मत पडलं की स्प्रिंगच नको, इलेक्ट्रॉनिक करा. चाकणवरून ये-जा करताना मेहुणा दररोज थांबायचा, ताडपत्री वर करून बघायचा आणि जायचा. आबांचा फोन आला की पहिला प्रश्न, “पळालं का?”

मग पावसाळा आला. धरणातून विसर्ग वाढला, वरून पाऊस, गटारांना दोन्ही पेलवेना, आणि एका रात्री बेसमेंटमध्ये पाणी शिरलं. गाड्या आम्ही आधीच वर नेल्या होत्या. माझी तर रस्त्यावरच होती, त्यामुळे मी निवांत. वीज गेलेली, लिफ्ट बंद. मोटर तेवढी खाली राहिली. रॅम्पच्या तोंडाशी सगळी बिल्डिंग जमली. पाणी हळूहळू चढत प्रोपेलरपर्यंत आलं, मग ते डावीकडे वळलेलं नाक बुडालं, चारही भोकांसकट. मालवण सोडल्यापासून तिचा पाय पहिल्यांदाच पाण्यात होता. क्वालिटीकाका हळूच म्हणाले, “कंडिशन आयडियल आहे.” हिंजवडीच्या पोरांनी मोबाइल काढले. सेक्रेटरी म्हणाले, “निदान पाण्याचा खर्च नाही.”

मेहुणा रहाटणीहून गुडघाभर पाण्यातून आला. सगळ्यांनी त्याला वाट करून दिली.

“चालू कर!” पेंटशॉप ओरडलं.

“वेडे झालात का?” तो म्हणाला. “गाळ आहे यात. इम्पेलर खलास होईल. आधी वर उचला तिला, भिजेल.”

“बोटीची मोटर आहे ना ही?” वॉचमनने विचारलं.

“डोकं नाही भिजायचं तिचं. फक्त पाय.”

आता ही मोटर दोनशे किलोच्या आसपास. आमच्या लिफ्टवर ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’ लिहिलंय, म्हणजे माणशी अडुसष्ट. त्या हिशेबाने तीन माणसं होतात, पण लिफ्ट बंद आणि या तीन माणसांना धरायला जागा फक्त दोन. प्लंबरसकट आठ जणांनी तिला दोरांवर घेतलं आणि जिन्याने वर काढलं. पहिल्या वळणावर अडकली. पुढे जाईना, मागे येईना. खाली पाणी, वर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी काठी आपटत, “मला खाली जायचंय” म्हणत. पुढे ढकलावं तर नाक भिंतीत घुसतं, मागे घ्यावं तर प्रोपेलर कठड्यात.

मोटर पायरीवर टेकवली. सगळे दमले होते. आता शिव्या पडतील असं मला वाटलं. पण गिअरबॉक्सकाका मागे सरकून वळणाकडे बघत होते.

“लँडिंगचा हा कोपरा दोन इंच तासला,” ते म्हणाले, “तर आरामात फिरेल.”

“दीड पुरे,” मेहुणा म्हणाला. “स्टँड चाळीस अंशात कलता घेतला तर.”

“चाळीस नाही, पस्तीस. नाहीतर तेल सांडेल.”

पेंटशॉपने खिशातून पेन्सिल काढून भिंतीवर रेघ मारली. क्वालिटीकाका वही आणायला वर गेले, आजींना ओलांडून. सोसायटीची भिंत तासायची भाषा चालली होती. सेक्रेटरी आता काय बोलतात म्हणून मी त्यांच्याकडे वळून बघितलं. त्यांनी मेजरिंग टेपचं दुसरं टोक धरलं होतं.